क्षिप्राच्या खुर्चीचं वेळापत्रक

डोंबिवलीच्या माणसाला रांग शिकवावी लागत नाही. रिक्षाची रांग असो नाहीतर आधार केंद्राची, तो आपल्या जागी मुकाट उभा राहतो आणि पुढे कुणी घुसलाच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा मुकाट होतो. शुभंकर सहनिवासातली मंडळी तर या बाबतीत फारच कडक. गणपतीच्या प्रसादालासुद्धा तिथे ए विंग आधी, बी विंग नंतर. अशा शिस्तप्रिय चव्वेचाळीस माणसांनी एका रविवारी जे केलं, ते करताना आपण रांग मोडतोय असं त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही. म्हणून ते लिहून ठेवतो.

सहलीची बैठक सेक्रेटरी विश्रामराव टिपणीस यांच्या हॉलमध्ये भरली होती. विश्रामराव वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग बघून निवृत्त झालेले. कुठल्या मशीनवर कुठला माल किती वाजता चढवायचा, याचा तक्ता करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मशीन दहा मिनिटं रिकामं दिसलं तर त्यांना रात्री झोप लागत नसे.

"मागच्या वर्षीसारखं नको," ए विंगमधला ऋतुराज म्हणाला. "हर्षवनात सहा तास काढले आणि 'तुफान'वर बसलो एकदा. बाकी वेळ पुढच्या माणसाची पाठ बघत उभे!"

हर्षवन म्हणजे घोडबंदर रोडच्या पुढचं मनोरंजन उद्यान. 'तुफान' ही तिथली सगळ्यात गाजलेली राइड आणि रविवारी तिची रांग दोन तासांची.

"यावर उपाय सापडलाय," ऋतुराजने मोबाइल वर केला. "त्यांच्या वेबसाइटवर आहे. दिव्यांग व्यक्तीला विशेष कार्ड मिळतं. बाजूच्या फाटकाने थेट आत. आणि बरोबर चार जण!"

आणि मग, वाचकहो, गेली अकरा वर्षं ज्या मुलीची सहलीच्या यादीत कुणाला आठवण झाली नव्हती, ती एकदम सगळ्यांना आठवली.

"आपली क्षिप्रा!" तिसऱ्या मजल्यावरची अंतरा म्हणाली. "बिचारी कधी कुठे जातच नाही."

"आपण नेतच नाही," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. तोवर चहा आला.

क्षिप्रा गुप्ते सव्वीस वर्षांची. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापाने तिच्या कमरेखालची ताकद नेली, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत. एका कंपनीसाठी घरून इमारतींची ड्रॉइंग्ज करते. विश्रामराव स्वतः निमंत्रण घेऊन बी विंगमध्ये गेले, तेव्हा तिच्या आईच्या, सुमेधाताईंच्या, डोळ्यांत पाणी आलं.

"सगळ्यांनी मिळून ठरवलंय, सुमेधाताई. या वर्षी क्षिप्राशिवाय सहल नाही!"

हे वाक्य शब्दशः खरं होतं.

क्षिप्राने विचारलं, "काका, हर्षवनात 'घार' आहे ना?"

'घार' ही तिथली दुसरी राइड. तिच्यात माणसाला पालथं झोपवून पट्ट्यांनी बांधतात आणि उंच रुळांवरून उडवत नेतात. क्षिप्राने तिचा व्हिडिओ पन्नास वेळा तरी पाहिला असेल. चव्वेचाळीस जणांनी 'तुफान' म्हणून ओरडावं आणि हिने 'घार' मागावी, याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या राइडमध्ये सगळ्यांचेच पाय नुसते मागे लोंबतात. कुणाचेच कामाला येत नाहीत. पावणेदोन मिनिटं, अख्ख्या गाडीत, पायांवरून कुणी वेगळं नसतं.

"घार ना? आहे की! बसवू तुला," विश्रामराव म्हणाले आणि तक्ता करायला घरी गेले.

*

तक्ता बसमध्ये वाटला गेला. एक प्रत लॅमिनेट करून विश्रामरावांनी क्षिप्राच्या खुर्चीच्या पाठीला दोऱ्याने बांधली. कुणाला शंका आली तर विचारत बसायला नको.

चव्वेचाळीस माणसं, चार-चारच्या अकरा तुकड्या. पहिली साडेअकराला, मग दर पंचवीस मिनिटांनी पुढची. शेवटची तीन चाळीसला. प्रत्येक तुकडीबरोबर 'तुफान'वर क्षिप्रा. कारण कार्डधारकाने स्वतः राइडमध्ये बसलंच पाहिजे, असा हर्षवनाचा नियम होता आणि विश्रामराव नियम मोडणारे नव्हते! सगळ्यात खाली, चार दहाला, बारीक अक्षरात: 'घार – क्षिप्रा (वैयक्तिक), वेळ उरल्यास.' साडेचारला बस.

"काका, अकरा वेळा?" क्षिप्रा म्हणाली. "मला प्रत्येक वेळी हातांवर जोर देऊन खुर्चीतून तिकडे आणि तिकडून खुर्चीत यायला लागतं. दिवसाला चार-पाच वेळा ठीक आहे. बावीस वेळा नाही जमणार हो."

"अगं, तुला काय करायचंय? तुला फक्त बसायचंय!" विश्रामराव हसले. "चालायचं तर आम्हाला आहे."

मागच्या सीटवर अंताक्षरी सुरू होती. सुमेधाताईंना अंतराने हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं होतं आणि त्या अकरा वर्षांत पहिल्यांदा शेजाऱ्यांबरोबर गात होत्या. क्षिप्राने आईकडे पाहिलं आणि बोलायचं ते गिळलं. नागरिकहो, आपल्याकडे बराचसा अन्याय असाच पार पडतो. ज्याच्यावर होतो, त्याला दुसऱ्या कुणाचा तरी आनंद मोडवत नाही.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. "थँक्यू हं क्षिप्रा!" म्हणत तुकडी उतरायची आणि पुढची तुकडी खुर्चीच्या दांड्याला हात घालायची. तिसऱ्या फेरीनंतर तिने उजवा खांदा चोळला. चौथ्या फेरीला ऋतुराजचे सासू-सासरे होते. ते डोळे मिटून बसले आणि उतरल्यावर म्हणाले, यात काय एवढं बघायचंय. पाचव्या फेरीनंतर ती म्हणाली, "जरा पाच मिनिटं थांबूया?"

"सहावी तुकडी दहा मिनिटं लेट आहे गं," अंतरा घड्याळ बघत म्हणाली. "मागच्यांचं सगळंच पुढे जाईल. बस ना पटकन. नंतर आराम कर."

पावणेदोनला खुर्ची सहाव्यांदा बाजूच्या फाटकाशी आली. विश्रामराव थोडे बाजूला घड्याळ बघत उभे होते. तेवढ्यात रांगेतून आवाज आला.

"ओ काका! ही खुर्ची सहाव्यांदा आली. मी मोजतोय!"

आंबिवलीचा प्रीतम भोईर बायको आणि लहान मुलीला घेऊन फेब्रुवारीच्या उन्हात सव्वादोन तास उभा होता. मुलीच्या डोक्यावर त्याने आपला रुमाल बांधला होता.

"सकाळपासून वीस माणसं आत गेली हिच्याबरोबर. हे चार धरून चोवीस. सगळे काय हिचे सख्खे भाऊ?"

"ओ भाऊ, आवाज खाली!" ऋतुराज पुढे झाला. "दिव्यांग मुलगी आहे. जरा तरी माणुसकी ठेवा!"

माणुसकी! वीस माणसं जिच्या खांद्यावरून पुढे गेली, तिच्याच नावाने ऋतुराज माणुसकी मागत होता आणि मागताना त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता.

"आम्ही येडे म्हणून उन्हात मरतोय काय?" प्रीतम भडकला. "आणि ताई, तुम्हाला पण काही वाटत नाही? पाय नाहीत म्हणून दुकान मांडलंय?"

मागून कुणी ओरडलं, "नाटकं सगळी! आता बघ, आत गेली की उठून चालेल!" दोन-चार जण हसले. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. शुभंकर सहनिवासाचे चारही जण नेमके त्याच वेळी अर्धा-अर्धा पाऊल मागे सरकले आणि मोबाइलच्या चौकटीत खुर्ची एकटी राहिली.

"ओरडा!" क्षिप्राचा आवाज एवढा मोठा आला की रांग गप्प झाली. "ओरडा, तुम्ही दोन तास उभे आहात, तुमचा हक्कच आहे! पण माणूस बघून ओरडा! मला 'तुफान'वर एकदाही बसायचं नव्हतं. ऐकू येतंय? एकदाही नाही! पाच वेळा मला यांनी आत नेलंय. मी यांच्याबरोबर आलेली नाही. हे माझ्यावर बसून आलेत!"

"क्षिप्रा!" सुमेधाताई पुढे आल्या. "अगं, लोक बघतायत."

"बघू दे ना आई. सकाळपासून पहिल्यांदाच बघतायत."

*

हा गलका ऐकून सहनिवासाची बाकी मंडळी जमली आणि ब्रेंडा परेरा आली. हर्षवनाच्या फाटकांची सुपरवायझर, पन्नाशीची, भाईंदरजवळच्या उत्तनची. कमरेला वॉकी-टॉकी, कपाळावर घाम. तिने कुणालाच काही विचारलं नाही. खुर्चीच्या मागे गेली, चष्मा लावला आणि लॅमिनेट केलेला तक्ता मोठ्याने वाचू लागली.

"तुकडी एक, साडेअकरा, ए विंग एकशेएक आणि एकशेदोन. तुकडी दोन..." ती थांबली. "हा रकाना कसला? 'मशीन क्रमांक'. आणि खाली ओळीने अकरा वेळा लिहिलंय, क्षिप्रा, क्षिप्रा, क्षिप्रा..."

सगळ्यांनी विश्रामरावांकडे पाहिलं. विश्रामरावांनी तक्त्याकडे.

"तो... तो कंपनीतला जुना फॉरमॅट आहे हो," ते म्हणाले. "घाईत त्याच्यावरच भरला. हेडिंग बदलायचं राहून गेलं."

"कशाला बदलायचं? बाकीचं सगळं बरोब्बर बसलंय की त्याच्यात," ब्रेंडा म्हणाली. "काका, कंपनीत मशीनला तेलपाणी करत होता?"

"अर्थात. दर शिफ्टला. त्याशिवाय मशीन टिकेल का?"

"मग हिचं कुठं आहे? मी शोधते कधीची. चव्वेचाळीस माणसांची जेवणं आहेत. चहा आहे. ग्रुप फोटो आहे. हिचं जेवण कुठल्या ओळीत?"

विश्रामरावांनी बोट ठेवून तक्ता पुन्हा वाचला. एकतीस वर्षांत त्यांच्या तक्त्यात चूक सापडली नव्हती.

"पण मॅडम, आम्ही एकही नियम मोडलेला नाही," ऋतुराज म्हणाला. "कार्ड आहे, बरोबर चारच जण आहेत, ती स्वतः बसतेय. तुमच्या नियमात कुठे लिहिलंय की—"

"मना नियम नको शिकवू!" ब्रेंडा रागावली की उत्तनची बोली बाहेर यायची. "बारा वर्षं ह्याच फाटकावर उभी हाय मी. आई घरी सोडून आईचं कार्ड आणणारे बघितले. धडधाकट पोराला भाड्याच्या खुर्चीत बसवणारे बघितले. तुमच्यासारखे शिकलेले मात्र पहिल्यांदा बघते. खरी मुलगी आणली, खरं कार्ड आणलं, आणि सगळा खोटा धंदा केला!"

रांगेतून टाळ्या पडल्या. प्रीतम म्हणाला, "मी तेच म्हणतो मावशी! हे फाटकच बंद करा. सगळ्यांना एकच रांग. कुणी लाडका नाही, कुणी दोडका नाही!"

"तू ये इकडे," ब्रेंडाने त्याला बोटाने बोलावलं. रांगेच्या लोखंडी कठड्यांमधली एक जागा दाखवली. "ही वाट दोन फुटांची. ही खुर्ची त्याहून रुंद. पुढे सात वळणं आणि बारा पायऱ्या. घाल बघू खुर्ची आत."

प्रीतमने खुर्चीकडे पाहिलं. मग कठड्याकडे.

"नाही जात."

"नाही जात. ही रांग बांधली तेव्हा बांधणाऱ्याने फक्त चालणाऱ्यांची मापं घेतली. मग उद्घाटनाला कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून बाजूला हे फाटक पाडलं. ही सवलत नाय रे. ही आमच्या चुकीला मारलेली ठिगळाची शिलाई आहे. तुला दोन्ही दरवाज्यांतून जाता येतं, हिला ह्या एकातूनच. आणि त्याच्यातूनसुद्धा हे चव्वेचाळीस जण आधी घुसणार, तर हिने जायचं कुठून?"

मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात घातला.

"आता ऐका," ब्रेंडाचा आवाज खाली आला आणि त्यामुळे जास्तच कडू झाला. "गैरवापर झाला की त्या दिवसापुरतं कार्ड रद्द. नियम आहे. मी सोडलं तर उद्या माझी नोकरी जाईल."

"म्हणजे शिक्षा मला," क्षिप्रा म्हणाली.

"हो पोरी. तुलाच. चोरी ज्यांनी केली ते साध्या रांगेतून कुठेही जातील. दार बंद होईल ते तुझं. दर वेळी असंच होतं."

"मला फक्त घारवर बसायचं होतं. एकदा."

ब्रेंडाने तिच्याकडे पाहिलं, मग लांबवर दिसणाऱ्या घारच्या रुळांकडे. "एक होईल. रांगेत उभं राहायला कार्ड लागत नाही. तुझ्या जागी कुणीतरी घारच्या रांगेत उभं राहा. त्याचा नंबर आला की तुला मी बाजूने आत घेते. जेवढा सगळ्यांना वेळ, तेवढाच तुला. त्याच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाय. आता तिथं तीन तासांचा बोर्ड आहे."

"चालेल," क्षिप्रा म्हणाली. "मी वाट बघायला कधी नाही म्हटलं?"

कोण उभं राहणार? शुभंकर सहनिवास आपापल्या चपलांचं निरीक्षण करू लागला. अंतराला आठवलं की मुलं उपाशी आहेत. ऋतुराज म्हणाला, "साडेचारची बस आहे, तीन तास कसे..." सुमेधाताई पदर खोचून निघाल्या, पण त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

"थांबा," विश्रामराव म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या पाठीचा दोरा सोडवला, तक्ता घडी होत नाही म्हणून बगलेत मारला आणि घारच्या दिशेने चालू लागले.

*

चौसष्टाव्या वर्षी उन्हात तीन तास उभं राहणं काय असतं, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. पहिल्या तासात विश्रामरावांना आपल्या वागण्याची दहा समर्थनं सुचली. दुसऱ्या तासात ती एकेक करून वितळली. पुढे उभी असलेली एक म्हातारी दर दहा मिनिटांनी खाली बसायची आणि रांग सरकली की कठड्याला धरून उठायची. सकाळपासून आपण वीस वेळा हिच्यासारख्यांच्या पुढे माणूस घुसवला, हा हिशेब त्यांनी मनात एकदा केला. पुन्हा केला नाही.

मध्येच ऋतुराजचा फोन आला. "काका, अहो पुढून घुसा ना! तुमच्या वयाच्या माणसाला कोण बोलणारे?"

"ठेव फोन," विश्रामराव म्हणाले.

तिकडे झाडाच्या सावलीत सुमेधाताई लेकीचा खांदा शेकत होत्या.

"मला वाटलं गं, लोक आपले झाले."

"झाले ना आई. चार-चारच्या तुकडीने."

दोघी हसल्या आणि हसता हसता सुमेधाताईंना रडू आवरेना. प्रीतम 'तुफान' करून मुलीचा हात धरून तिथूनच चालला होता, तो थबकला.

"ताई, मघाशी मी जे बोललो ना..."

"रांगेबद्दल बोललात ते बरोबर होतं," क्षिप्रा म्हणाली. "माझ्या पायांबद्दल बोललात ते नाही. दोन्ही एकत्र कालवू नका, एवढंच."

"चुकलं," प्रीतम म्हणाला. माफीचं भाषण त्याला येत नव्हतं. त्याने पाण्याची बाटली घेतली आणि घारच्या रांगेत उभ्या असलेल्या विश्रामरावांना नेऊन दिली.

चार पन्नासला विश्रामरावांचा नंबर आला. ब्रेंडाने शब्द पाळला. क्षिप्रा बाजूच्या वाटेने आत आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की विश्रामरावांना तीन तासांचं पायदुखणं विसरायला झालं. आडव्या पाळण्याची गाडी समोर उभी. मागे पश्चिमेचं ऊन. डाव्या हाताने जोर देत, आईच्या आधाराने, ती कशीबशी पाळण्यात सरकली.

राइडवरच्या माणसाने नेहमीच्या सुरात सांगितलं, "ताई, दोन्ही हात डोक्याच्या वर. पट्टा लावायचाय."

क्षिप्राने हात वर केले. डावा गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटले. हात खांद्यापाशी थरथरला आणि खाली पडला. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताने उजवा उचलून धरला.

"असं नाही चालत ताई," तो माणूस हळूच म्हणाला. "दोन्ही हातांनी वरची कडी धरायला लागते. नाहीतर उडताना... मला सोडता येणार नाही. सॉरी."

"सकाळी जात होता हात," क्षिप्रा म्हणाली. ती कुणालाच उद्देशून बोलली नव्हती.

विश्रामरावांना ते ऐकू आलं. पाच फेऱ्या, दहा वेळा चढ-उतार! त्यांनी स्वतः आखून दिलेल्या, मिनिटामिनिटाने! त्यांना वाटत होतं, आपण लोकांचा वेळ घेतला, तो आज उन्हात उभं राहून फेडला. वेळ त्यांनी घेतलाच नव्हता. त्यांनी त्या मुलीचा हात घेतला होता आणि तो त्यांना परत करता येत नव्हता.

"पोरी, माझ्यामुळे..."

"हो," क्षिप्रा म्हणाली. "तुमच्यामुळे."

ती खुर्चीत परत आली. मग म्हणाली, "मागच्यांना जाऊ द्या काका. रांग अडतेय."

*

बस चाळीस मिनिटं उशिरा सुटणार होती आणि बसमधलं वातावरण तापलं होतं. खुर्ची चढवली जात असताना मागून अंतराचा आवाज आला, "एका माणसासाठी चव्वेचाळीस जणांनी ताटकळायचं म्हणजे कमाल आहे!"

विश्रामराव आपल्या जागेवर बसलेच नाहीत. ड्रायव्हरच्या पाठीशी उभे राहिले.

"कोण बोललं ते? बोला ना, पुन्हा बोला! चव्वेचाळीस जणांसाठी एक माणूस सकाळपासून राबला, तेव्हा कुणाला कमाल वाटली नाही!"

"काका, तक्ता तुम्हीच केला होता," ऋतुराज म्हणाला.

"मीच केला! मीच नालायक! या मुलीचं नाव मी मशीनच्या रकान्यात लिहिलं. आणि तो तक्ता तुम्ही सगळ्यांनी वाचला, ऋतुराज. आपापली वेळ शोधायला दहा वेळा वाचला. एकाला तरी ते हेडिंग खटकलं? इंजिनिअर आहेत इथे, दोन शिक्षिका आहेत, एक वकील आहे. चव्वेचाळीस शिकलेली माणसं! एकालाही नाही! कारण आपल्याला ती दिसलीच नाही. आपल्याला फाटक दिसलं!"

पुढच्या सीटवरच्या वकीलसाहेबांनी खिडकीची काच उगीचच खाली-वर केली.

"आपण मागच्या वर्षी रांगेत घुसणाऱ्या एका माणसाला शिव्या घालत घरी आलो होतो," विश्रामरावांचा आवाज फाटला. "तो बरा होता हो. स्वतःच्या पायाने घुसला होता."

मग ते क्षिप्राकडे वळले. "पुढच्या वर्षी आपण..."

"पुढच्या वर्षी मला नेऊ नका, काका," क्षिप्रा म्हणाली. "मला विचारा. मी कदाचित नाही म्हणेन. ते ऐकायची तयारी असेल तरच विचारा."

"विचारीन," विश्रामराव म्हणाले आणि खाली बसले.

नागरिकहो, गोष्ट एवढीच आहे. यातला एकही माणूस दुष्ट नाही. तुमच्या-माझ्या मजल्यावर राहणारे, वाढदिवसाला एकमेकांकडे केक पाठवणारे लोक आहेत हे. म्हणून तर राग येतो! दुष्टाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. आपण मात्र आजारी बापाच्या कार्डावर पार्किंग मिळवतो, गरोदर वहिनीला घेऊन देवळाच्या पुढच्या दारातून सगळं खानदान आत घालतो आणि बाहेर येऊन म्हणतो, काय छान सोय आहे! ती सोय नव्हे. ज्याला दुसरं दारच नाही, त्याच्यासाठी पाडलेलं ते दार आहे. आपण त्यातून एकदा गेलो की मागे उभा असलेला माणूस आपल्यावर चिडत नाही, ज्याचं ते दार आहे त्याच्यावर चिडतो. आणि एक दिवस त्या चिडलेल्या लोकांचं ऐकून ते दार बंद होतं. आपल्याला फरक पडत नाही. आपल्याला पाय आहेत.

तेव्हा असल्या दारापाशी आलात, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: ज्याच्या नावाने मी आत चाललोय, त्याला आत जायचंय का? आणि जायचं असेल, तर कुठे?

खांदा बरा व्हायला सात आठवडे लागले. मग एका बुधवारी क्षिप्रा आणि सुमेधाताई दोघीच रिक्षा करून हर्षवनात गेल्या. गर्दी नव्हती. ब्रेंडा फाटकावर होती. क्षिप्रा घारवर बसली, असं म्हणतात.

कशी होती, हे तिने सोसायटीत कुणालाही सांगितलेलं नाही.